बर्फ कारखान्यातला सांधा

पोयनाडच्या बाजारात मला बरेच जण काचवाली मॅडम म्हणून ओळखतात. मी काचेचं काहीतरी करते, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं आहे. त्यामुळे फुटलेला मोबाइल, चष्म्याची सुटलेली काडी, एकदा तर कुणाच्या लग्नात आलेल्या शोकेसचं दार, असं बरंच काही माझ्या ओट्यावर येऊन गेलं. चष्म्याची काडी मी बसवून दिली. शोकेसवाल्यांना म्हटलं, "दादा, माझी काच फार बारीक असते हो." ते म्हणाले, "मग ही तर तुम्हाला सोपी जाईल."

मी प्रमिला घरत. अलिबाग-पेण रस्त्यालगत एका लहान कारखान्यात मी काचेचे तंतू चिपला जोडायचं काम केलं. पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेली, आणि मग सामंतसाहेबांनी हा कारखाना काढला तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी तिथेच होते. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा" अशी अट घातली आहे. अट रास्त आहे. माझ्या नवऱ्यालाही ते नीट कळायला बरीच वर्षं लागली.

तर आधी काम सांगते. इंटरनेटचा उजेड ज्या काचेच्या तंतूतून धावतो त्याला आम्ही फायबर म्हणतो. फायबर केसापेक्षा किंचित जाड. पण उजेड त्या सगळ्या जाडीतून जात नाही, तो मधल्या गाभ्यातून जातो, आणि हा गाभा केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो. हे झालं फायबर. दुसऱ्या बाजूला चिप. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा, आणि त्यावर विजेऐवजी उजेडासाठी कोरलेल्या वाटा. ही वाट फायबरच्या गाभ्याच्याही विसाव्या हिश्शाएवढी. म्हणजे एका बाजूला मोठी मोरी आणि दुसऱ्या बाजूला सुईचं नेढं. नुसतं टेकवून ठेवलं तर बहुतेक उजेड बाहेर सांडतो.

तुम्हाला वाटेल, मग वाटेचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद करावं. आमच्याकडे येणाऱ्या चिपांमध्ये नेमकं उलटं केलेलं असे. काठाजवळ येता येता वाट आणखी निमुळती करत नेलेली. इतकी निमुळती की उजेड तिच्यात मावेनासा होतो आणि आजूबाजूच्या काचेत फुगून पसरतो. असा फुगलेला उजेड फायबरच्या मापाच्या बराच जवळ येतो आणि मग दोघांची तोंडं जुळतात. सामंतसाहेबांनी मला हे पहिल्यांदा कागदावर काढून दाखवलं त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा चहा केला, इतकी मी खूश होते. ज्याला कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल की मोठं करायचं असेल तर आधी बारीक करा, त्याला माझा नमस्कार.

पण चिप कितीही हुशारीनं कोरलेली असली तरी फायबर तिच्यासमोर बरोबर जागी आणून ठेवणारा कुणी तरी लागतो. तो कुणी तरी म्हणजे मी. फायबर एका काचेच्या बारक्या ठोकळ्यात बसवलेलं असतं. तो ठोकळा चिमट्यात धरायचा, सूक्ष्मदर्शकात बघत चिपच्या काठाशी आणायचा आणि स्क्रू फिरवत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हलवत राहायचं. आमचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो लाल रंगाच्याही पलीकडचा असतो. दिसतो तो मीटरवरचा आकडा. आधी काहीच नसतं. मग कुठेतरी आकडा जरासा हलतो. त्याला आम्ही पहिला उजेड म्हणत असू. तो सापडला की पुढचं अर्धं काम झालं. आकडा सगळ्यात वर गेला की मध्ये गोंदाचा थेंब सोडायचा आणि त्यावर निळसर दिवा धरून तो घट्ट करायचा. गोंद घट्ट होताना आकसतो आणि आकसताना ठोकळा ओढतो. तेवढ्यात जागा सुटली तर सकाळपासूनची मेहनत गेली. जवळून ट्रक गेला तरी आकडा थरथरतो. मी श्वास कसा घेते यावरही तो हलायचा.

माझे आईवडील मिठागरात राबलेले. कारखान्यात एकदा आईला नेलं होतं. ती माझ्यामागे स्टुलावर बसून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "आख्खा दिस तू या भिंगान डोला घालून बसतंस?"

"हो."

"नि तरी काय दिसत न्हाय?"

"आकडा दिसतो ना."

ती म्हणाली, "आनि त्याचा तुला पगार देतान. बरां हाय." आईच्या तोंडून 'बरां हाय' निघणं म्हणजे मोठी पावती होती.

दिसत नाही ही तक्रार गिऱ्हाइकांचीही असे. मुंबईहून एक तरुण कंपनीमालक आला होता. त्याच्या चिपेवर आम्ही चांगला सांधा केला होता, आकडा उत्तम होता. तो म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण यात चमकतंय कुठे?" त्याला पैसे लावणाऱ्यांना व्हिडिओ दाखवायचा होता. मी सांगितलं, लाल लेझर लावते, पण तो उजेड तुमच्या वाटेत शिरणार नाही, तोंडाशीच अडून पसरेल. त्याला चाललं. लेझर लावला, चिपचा काठ निखाऱ्यासारखा पेटला, आणि त्यानं मोबाइलवर चित्रीकरण केलं. पुढे त्याला पैसे मिळाले असं कळलं. माझ्या आयुष्यात जो सगळ्यात निकामी उजेड मी टाकला, त्याचं कौतुक सगळ्यात जास्त झालं.

आता ज्या कामासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मृणाल आमच्याकडे आली तेव्हा पुण्यात एका संस्थेत संशोधन करत होती. पहिल्या भेटीत ती मॅडम होती, तिसऱ्या भेटीपासून नुसती मृणाल झाली. तिचे वडील बँकेत, त्यांची बदली श्रीवर्धनला झाली तेव्हा ती शाळेत होती, आणि घराजवळ मासळीसाठी बर्फ बनवणारा कारखाना होता. बर्फाच्या कारखान्यात गारवा करायला नळ्यांतून अमोनिया फिरवतात. एक दिवस नळी फुटली. तोंडाला ओली फडकी लावून पळणारी माणसं आणि रस्त्यातच कोसळलेला एक म्हातारा, हे तिनं खिडकीतून पाहिलं होतं. म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते तिला घरात कुणी सांगितलं नाही.

तिनं केलेल्या चिपेवर उजेडाची एक गोल वाट होती आणि त्या वाटेवर एक लेप. लेपाला अमोनिया लागला की वाटेतला उजेड किंचित सरकतो, म्हणजे त्याचा रंग बदलतो म्हणा. चिप गॅसच्या जागी ठेवायची, आणि दिवा, मीटर, भोंगा हे सगळं लांब ऑफिसात. मधे फक्त फायबर. जिथे गॅस तिथे वीजच नाही, त्यामुळे ठिणगीची भीती नाही. शिवाय साधी विजेची यंत्रं आपल्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात, काच गंजत नाही. मुरुडच्या एका बर्फ कारखान्यानं ते बसवून बघायची तयारी दाखवली. सांधा आम्ही केला. अॅल्युमिनियमच्या डबीत चिप, तिच्या काठाला फायबरचा ठोकळा, आणि बळकटीसाठी ठोकळ्याच्या खाली डबीच्या बुडालाही गोंद. डबी बसवली शीतगृहात, म्हणजे मासळीच्या पेट्या ठेवतात त्या थंड खोलीत, गॅसच्या नळ्यांजवळ.

थोड्याच दिवसांत मृणालचा फोन आला. भोंगा उगाच वाजत होता.

झालं असं होतं की उजेड मधूनच फार कमी व्हायचा. उजेडच कमी झाला तर तो सरकला की नाही हे यंत्राला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ते खबरदारी म्हणून भोंगा वाजवतं. मृणालनं तसंच ठरवलं होतं आणि ते बरोबरच होतं. कॉम्प्रेसर जोरात चालू असला की हा प्रकार व्हायचा, म्हणून सगळ्यांनी दोष थरथरीला दिला. आम्ही डबी परत मागवली, ठोकळ्याखाली आणखी गोंद भरला, नीट घट्ट केला आणि परत पाठवली. भोंगा पूर्वीपेक्षा जास्त वाजायला लागला.

मग मी आणि मृणाल मुरुडला गेलो. कारखाना जेट्टीजवळ. बाहेर कोळणी टोपल्या आणि प्लास्टिकचे टब घेऊन बर्फ फोडायच्या यंत्रासमोर उभ्या होत्या, आत सगळीकडे पाणी आणि मिठाचा वास. कारखाना सांभाळणारे इकबालभाई साठीच्या आसपासचे, डोक्यावर जाळीची टोपी आणि पायात गमबूट. त्यांनी आम्हाला ऑफिसात नेलं आणि भोंग्याकडे बोट केलं. भोंग्याची वायर काढून तिला फडकं बांधलेलं होतं.

मृणाल म्हणाली, "इकबालभाई, हे बंद ठेवलंत तर उपयोग काय?"

"मॅडम, चालू ठेवून काय फायदा झाला ते बघा." त्यांनी हाक मारली, "गणू, इकडे ये जरा."

गणू म्हणजे शीतगृहात पेट्या रचणारा कामगार. चाळिशीचा, दणकट. त्याचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. भोंगा वाजला तेव्हा तो पळाला आणि दाराशी बर्फाच्या पाण्यावर घसरून पडला. गॅस नव्हताच.

"आता वाजला तरी मी पलनार न्हाय," गणू म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं.

इकबालभाई म्हणाले, "तुमची नीयत चांगली आहे. पण माझा यकीन माझ्या नाकावर आहे."

"आणि नाक चुकलं तर?" मृणालनं विचारलं.

त्यांनी भोंग्याच्या वायरीकडे बघितलं. मग म्हणाले, "इथे थोडा वास कायम असतो. खरं सांगायचं तर नाकाला आता सवय झालीय."

मृणालचा चेहरा बघवत नव्हता. ती माणसं वाचावीत म्हणून आली होती आणि तिच्या यंत्रानं एकाचा हात मोडला होता. वर आता त्या खोलीत पूर्वीपेक्षा जास्त धोका होता, कारण यापुढे कुठल्याही भोंग्यावर तिथे कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. मी विषय कामाकडे वळवला. मीटर बघितला, उजेड पार खाली. म्हटलं, "इकबालभाई, कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद कराल का?"

त्यांनी केला. घरघर थांबली, पायाखालची जमीन शांत झाली. मीटरचा आकडा मात्र होता तिथेच.

"थरथर गेली," मृणाल म्हणाली, "मग उजेड का येत नाही?"

पेट्या बाहेर काढायच्याच होत्या म्हणून गणूच्या माणसांनी शीतगृहाचं दार उघडं ठेवलं होतं. इकबालभाईंनी चहा मागवला. आम्ही चहा पीत आकड्याकडे बघत बसलो, आणि तो हळूहळू चढायला लागला. अगदी सावकाश, खाडीला भरतीचं पाणी चढतं तसा. चहा संपता संपता उजेड जवळजवळ पूर्ण आला होता.

मी आणि मृणालनं एकाच वेळी एकमेकींकडे बघितलं. थरथर थांबली तर ती एकदम थांबते. हळूहळू जाते ती थंडी. कॉम्प्रेसर चालला की खोली थरथरतेही आणि गारही होते, आणि आम्ही सगळे थरथरीच्याच मागे लागलो होतो.

परतीच्या एसटीत मृणालनं आकडेमोड केली. थंडीनं अॅल्युमिनियम काचेपेक्षा आणि सिलिकॉनपेक्षा बरंच जास्त आकसतं. आमचा ठोकळा दोन ठिकाणी धरलेला होता, काठानं चिपला आणि खालून डबीला. डबी आकसली की ती ठोकळ्याला खाली खेचते. हे खेचणं केसाच्या विसाव्या हिश्शाएवढंच असेल, पण आमच्या धंद्यात तेवढ्यानं निम्म्याहून जास्त उजेड जातो. आम्ही जितका जास्त गोंद भरला तितका डबीचा हात मजबूत झाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात खात्री करून घेतली. थंडीची तपासणी करायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. डबे ठेवायचा फ्रिज होता. सगळ्यांचे जेवणाचे डबे बाहेर काढले, त्याच्या बर्फाच्या कप्प्यात तशीच एक डबी ठेवली आणि दाराच्या रबरातून फायबर बाहेर घेतलं. आकडा उतरत गेला. दार उघडलं, चढत गेला. शेवटी मी ठोकळ्याखालचा गोंद धारदार पात्यानं कापून काढला आणि डबी पुन्हा आत ठेवली. आकडा हलला नाही म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी सगळ्यांची आमटी आंबली, पण कुणी कुरकुर केली नाही.

आता प्रश्न सामंतसाहेबांचा होता. ते भले माणूस, काम जाणणारे. त्यांनी डबीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "प्रमिलाबाई, हे तर नुसतं चिपच्या कडेला लोंबकळतंय."

"लोंबकळू दे की. एका जागी धरलंय, पण नीट धरलंय."

"मुरुडपर्यंत जाईल का तरी?"

"बघू या ना."

मी डबी पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आणि अलिबागहून मुरुडच्या एसटीत बसले. मुद्दाम मागच्या सीटवर. त्या रस्त्याचं वर्णन मी करत नाही, जे गेले आहेत त्यांना माहीत आहे. खोकं मांडीवर न घेता शेजारच्या सीटवर ठेवलं, म्हणजे त्याला पुरते दणके बसतील. कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, हे वर ठेवा ना. काय आहे त्यात?"

"काच आहे."

"मग मांडीवर तरी घ्या. फुटेल ना."

"फुटते का तेच बघायचंय."

तो पुढच्या सीटचं तिकीट फाडायला निघून गेला. काशीदच्या वळणांवर खोकं दोनदा खाली पडलं. मी ते उचलून परत सीटवर ठेवलं. मुरुडला उतरून त्याच गाडीनं परत आले, डबी मीटरला लावली. आकडा निघताना होता तोच होता. सामंतसाहेबांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरं. असंच करू."

आणखी एका गोष्टीवर मात्र आमचं जुळेना. मला ऑफिसातल्या पेटीवर दोन दिवे हवे होते. गॅस असेल तर लाल दिवा आणि भोंगा. पण नुसताच उजेड कमी झाला, म्हणजे आमचा सांधा बिघडला, तर पिवळा दिवा, आणि त्याचा भोंगा वेगळा, हलका. सामंतसाहेब म्हणाले, "आपल्याच मालावर आपणच संशयाचा दिवा लावायचा?"

मी म्हटलं, "साहेब, गणूचा हात मोडला तो आपण आपली चूक आणि गॅस एकाच आवाजात सांगितली म्हणून. त्या माणसांना हे कळायला हवं की यंत्र घाबरलंय की गॅस आलाय."

मृणाल माझ्या बाजूनं होती. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी मान डोलावली. जो जोडला तो सांधा मला जितका अभिमानाचा वाटतो, तितकाच तो पिवळा दिवाही वाटतो.

नवी डबी बसवली. इकबालभाईंना मी दोन्ही दिव्यांचा अर्थ सांगितला. त्यांनी गणूला बोलावलं आणि त्याच्यासमोर परत सांगायला लावलं. भोंग्याची वायर मात्र त्यांनी जोडली नाही. "आधी दिवे बघतो," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. विश्वास मागून मिळत नाही हे मला समजत होतं.

पावसाळा आला, होड्या किनाऱ्याला लागल्या, कारखाना अर्धामुर्धा चालला. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली आणि शीतगृह रात्रंदिवस चालू लागलं. पिवळा दिवा एकदाही लागला नाही. मी अधूनमधून फोन करायची. एकदा इकबालभाई स्वतःहून म्हणाले, "मॅडम, वायर जोडली बरं का. गेल्या आठवड्यातच जोडली. तुम्हाला सांगायचं राहिलं."

मी फोन ठेवला आणि लगेच मृणालला लावला.

गळती झाली ती दिवाळीच्या थोडं आधी, सकाळच्या कामाच्या वेळी. मी तिथे नव्हते. इकबालभाईंचा फोन आला आणि त्याच दुपारी मृणाल पुण्याहून आणि मी पोयनाडहून मुरुडला पोचलो. जे घडलं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं.

भोंगा वाजला तेव्हा इकबालभाई ऑफिसात होते. त्यांनी पेटीकडे बघितलं. लाल. आधी कॉम्प्रेसर बंद केला, मग बाहेरून गॅसची झडप फिरवायला घेतली आणि माणसांना ओरडून बाहेर यायला सांगितलं. शीतगृहात गणू आणि आणखी एक जण होता. तो दुसरा पळत आला. गणू आला नाही. तो अगदी मागच्या बाजूला पेट्या रचत होता.

"त्याला वाटलं, मागच्यासारखं उगाच वाजतंय," इकबालभाई म्हणाले. "मी दारात गेलो. मला तर वास पण आला नव्हता तोवर. मी एवढंच ओरडलो, गणू, लाल हाय, पिवला न्हाय."

गणू तिथेच उभा होता. तो म्हणाला, "ता आयकला नि हातातली पेटी टाकली."

तो दाराबाहेर आला आणि पाठोपाठ आतून पांढरट वाफ यायला लागली. नळीचा जोड उघडला होता. इकबालभाईंनी तोंडाला ओला टॉवेल लावला, दार ओढून घेतलं आणि बर्फासाठी उभ्या असलेल्या बायकांना जेट्टीच्या टोकाकडे पाठवलं. वारा समुद्राकडून येत होता, त्यामुळे तिकडे गॅस जाणार नव्हता. गणूचे डोळे दिवसभर चुरचुरले, दवाखान्यात धुऊन घेतले. बाकी कुणाला काही झालं नाही.

मृणाल हे ऐकताना भिंतीला टेकून उभी होती. तिनं गणूला विचारलं, "आता बरं आहे ना?" तो म्हणाला, "बरा हाय." तिनं परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला रडू आलं, आणि गणू गोंधळून इकबालभाईंकडे बघायला लागला. मी तिला बाहेर घेऊन आले. ती म्हणाली, "श्रीवर्धनच्या त्या आजोबांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही, प्रमिलाताई."

बाहेर कोळणी परत आपल्या टोपल्यांशी येऊन बसल्या होत्या. त्यातली एक वयस्कर बाई, जनाबाई नावाची, मला म्हणाली, "बाय, तो लाल दिवा तुजा काय?"

"दिवा या मॅडमचा. आतला जोड माझा."

"चांगला हाय. पन त्याला सांग, सकालचा पेटू नको. म्हावरं खराब व्हतं." तिनं मग इकबालभाईंकडे वळून विचारलं, "बर्फ कवा चालू व्हनार?"

मी ऑफिसात जाऊन मीटर बघितला. गॅस लागून, खोली गरम होऊन, परत धुतली जाऊन, एवढं सगळं होऊनही आमच्या सांध्यातला उजेड मी बसवताना होता तेवढाच होता. मी इतकी वर्षं सगळ्यात वरचा आकडा मिळवण्यासाठी धडपडले. माझ्या हातचे याहून सरस आकडे असलेले सांधे आहेत. पण तो मीटर बघताना जसं वाटलं तसं त्यांतल्या कशानंही वाटलं नव्हतं.

खंत म्हणाल तर एक आहे. आई त्याआधीच गेली. तिला हे सांगता आलं असतं तर माझं काम तिला पहिल्यांदा कळलं असतं. गणूला तिनं ओळखलं असतं, कारण तिच्या आयुष्यात असे बरेच गणू होते.

माझ्या शेवटच्या वर्षात कारखान्यात स्वयंचलित यंत्र आलं. ते पहिला उजेड डोळ्याचं पातं लवायच्या आत शोधतं. मला आधी वाईट वाटलं, मग दोन दिवसांनी बरंही वाटलं, कारण माझी मान तेव्हा फार दुखायची. वेगवेगळ्या सांध्यांच्या पद्धती त्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. ठोकळा कसा धरायचा, गोंद कुठे सोडायचा, कुठे अजिबात सोडायचा नाही. प्रत्येक पद्धतीला नाव द्यावं लागतं. ठोकळ्याखाली गोंद न घालायच्या पद्धतीला मी 'मुरुड' असं नाव दिलं.

मागच्या महिन्यात सहज कारखान्यात गेले होते. बेंगळुरूहून एक इंजिनियर आला होता, त्याला थंड प्रदेशात वापरायच्या चिपा जोडून हव्या होत्या. यंत्रावर काम करणारी नवी मुलगी त्याला समजावत होती. पडद्यावरची यादी बघून त्यानं विचारलं, "हे मुरुड काय आहे?"

ती पनवेलची. मुरुडला ती कधी गेलेली नाही, आणि मी मागे उभी आहे हेही तिला माहीत नव्हतं.

"मुरुड म्हणजे एकाच बाजूनं धरायचं," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.